सुदामकाकांची न मोडलेली सोयरीक

सुदामकाकांनी दारव्हा तालुक्यात किती लग्नं जुळवली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मोडायला मात्र त्यांनी आयुष्यात एकच लग्न घेतलं, आणि ते काही त्यांना मोडता आलं नाही. ते गेले तेव्हा तेरवीला जमलेली माणसं जुळलेल्या लग्नांच्याच गोष्टी सांगत होती. कुणाचं कसं जमलं, काकांनी कोणाला कसं वळवलं, हसणं, आठवणी. मला मात्र सारखं ते एकच आठवत राहिलं.

मी त्यांची शेजारीण. हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, आणि ही गोष्ट काकांना स्वतःची नामुष्की वाटायची. लोकांची लग्नं जुळवणाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून एक बिनलग्नाची बाई राहते म्हणजे काय! मी इथं राहायला आले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी इंजिनिअर आणला होता. माझे केस पिकायला लागले तरी त्यांनी नाद सोडला नाही.

"म्याडम, यवतमाळचा मास्तर हाय. बायको वारली बिचाऱ्याची. सोभावानं निरा गाय."

"काका, मला गाय पाळायची नाही."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज यायचा. काका चिडायचे नाहीत. "बरं, पाह्यजा मंग," म्हणून सुपारीचं खांड तोंडात टाकायचे आणि उठायचे. पुढच्या रविवारी दुसरा मास्तर.

गावाबाहेर त्यांचं शेत होतं. कपाशी, तूर, बांधाकडेला थोडं सोयाबीन. पण ते सगळं सालदार पाहायचा. काकांचं खरं पीक म्हणजे नाती. कोणीही भेटला की त्याचं गाव विचारायचं, आणि मग त्याच्या आजीचं माहेर त्यालाच सांगायचं. "म्हनजे तुमची आजी बोरीवाल्यायची. तिची बहीन दिग्रसले देल्ली होती, पायानं अधू होती, पन भाकर अशी करे का विचारू नका." समोरचा माणूस तोंड उघडं टाकून ऐकायचा. यातलं काहीही कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. शिवाय जुळवणीचा एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. लग्नात टोपी-दुपट्ट्याचा मान मिळाला की खूश.

लग्नाचं बोलायला गेले की ते लग्नाचं बोलायचेच नाहीत. विहिरीला पाणी किती, म्हशीनं लाथ मारली का, असलं काहीबाही. मग पाणी मागायचे. पाणी कोण आणतं याकडे त्यांचं सगळं लक्ष. पोरगी आणते की आई, की घरचा पोरगा उठतो. एका घरी पोराच्या बापानं स्वतः उठून पाणी आणलं, तेव्हा काका बाहेर येऊन मुलीकडच्यांना म्हणाले, "देऊन टाका पोरगी. या घरात बाईले पानी भेटन."

रुसवे काढण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. दिग्रसच्या एका लग्नात नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, रुसून बसले. त्यांची टोपी म्हणे ऐनवेळी कमी पडली होती. नवरदेव घोड्यावर, बँड थांबलेला, फुफाजी कडुलिंबाखाली पाठ करून. काका गेले, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि उरलेलं लग्न बोडक्या डोक्यानं पार पाडलं. वर आणि म्हणाले, "मोठी झाली का? माह्यं डोकं मोठं हाय, पन आत काही नाही." फुफाजी हसले आणि बँड सुरू झाला.

त्यांचं तत्त्व एकच होतं. "पाह्यलेल्या विहिरीचं पानी चाखून पाहा लागत नाही." म्हणजे सोयरीक शक्यतो नात्यात करावी. आमच्याकडं मामाची पोरगी भाच्याला करतात, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. पोरीला सासू म्हणून आत्याच मिळते, जावयाला सासरा म्हणून मामा. काकांनी स्वतःची एकुलती एक मुलगी वर्षा आर्णीला आपल्या सख्ख्या बहिणीच्या, सुमनआत्याच्या, मोठ्या मुलाला दिली. जावई प्रमोद. त्या लग्नाचा त्यांना इतका अभिमान होता की दुसऱ्या कोणाचं लग्न ठरवायला बसले तरी उदाहरण तेच. "माह्यीच पोरगी पाहा ना. सासूनं एक दिवस तोंड वाकडं केलं असन त सांगा." आणि ते खरंच होतं. सुमनआत्यानं वर्षाला लेकीसारखं ठेवलं.

वर्षाची मुलगी गौरी. सुट्टीत इथं यायची तेव्हा गल्लीतल्या पोरांना दम देणारी, धावण्यात सगळ्यांना मागं टाकणारी. मग एका उन्हाळ्यात ती सारखी पडायला लागली. आधी सगळे हसले. चप्पल ढिली आहे, लक्ष नाही, उंची वाढते आहे. कोणी नजर काढली. हातातला गिलास निसटायला लागला, अक्षर बिघडलं. पुढच्या वर्षी तर ती चालताना पाय फाकवून टाकायची, आणि वळायचं म्हटलं की भिंत शोधायची. यवतमाळला दाखवलं, टॉनिक झाली, गोळ्या झाल्या. शेवटी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला बाहेर पाठवलं. निकाल ऐकायला प्रमोद-वर्षाबरोबर काका स्वतः गेले.

परत आले त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. सुपारी तोंडात नव्हती. नेहमीच्या खुर्चीत न बसता दारातच टेकले.

"म्याडम, डाक्टरीनबाईनं पयले एकच इचारलं. पोरीचे मायबाप नात्यातले हाय का म्हने."

"मग?"

"मंग काय! मले वाटलं, चांगलंच इचारून राह्यल्या. मी म्हनलं, हो! सख्ख्या मामाची पोरगी, मीच थो मामा, मीच जोडलं. आमच्या आज्यापासून सांगत बसलो. बाई लिहत होत्या. त्यायनं पेन ठेवला आन माह्याकडं पाह्यत राह्यल्या."

मला त्या डॉक्टरीणबाईंची दया आली. समोरचा म्हातारा कौतुकानं पिढ्या सांगतो आहे, आणि त्याला आता काय ऐकवावं लागणार आहे हे तिला ठाऊक आहे.

आजाराचं नाव काकांना उच्चारता येत नव्हतं. मी ते दुसऱ्या दिवशी वर्षाकडून नीट विचारून घेतलं आणि पुस्तकं, इंटरनेट जे हाताशी होतं ते वाचलं. मग काकांना ओसरीवर बसवून सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत फ्रॅटॅक्सिन नावाचं एक अगदी लहान प्रथिन असतं. पेशीत जिथं शक्ती तयार होते, तिथं लोहाचा योग्य वापर व्हायला ते मदत करतं. ते कसं बनवायचं हे सांगणारं एक जनुक असतं. त्या जनुकात एका जागी तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ती थोडी असली तर बिघडत नाही, शेकड्यांनी वाढली की जनुक जवळजवळ मुकं होतं आणि प्रथिन फार कमी बनतं. मग शक्ती कमी पडते. आधी पायांचे लांब मज्जातंतू थकतात, मग बोलणं जड होतं, पाठ वाकते, हृदयालाही त्रास होतो. डोकं मात्र शाबूत राहतं. सगळं समजत राहतं.

"आन हे गौरीलेच काहून?"

"प्रत्येकाकडं त्या जनुकाच्या दोन प्रती असतात काका. एक आईची, एक वडिलांची. एक चांगली असली तरी भागतं, त्या माणसाला काहीही होत नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार होतो."

"म्हनजे एक बैल लंगडा असला त दुसरा गाडी वढून नेते."

"हो."

"आन हे दोन्ही लंगडे. एकाच गोठ्यातले."

आज्या-पणज्याकडून आलेली एक बिघडलेली प्रत काकांकडं, तीच सुमनआत्याकडं. दोघंही ठणठणीत. काकांकडून वर्षात उतरली, आत्याकडून प्रमोदात.

"आन जोतले मी," काका म्हणाले.

औषध काय, हा प्रश्न त्यांनी मला पुढं अनेकदा विचारला. बाहेरदेशी एक निघालं आहे म्हणतात, ते आजार बरा करत नाही, फक्त त्याची चाल थोडी मंद करतं, आणि ते आपल्या आवाक्यातलं नाही. हे मी दर वेळी तितक्याच शब्दांत सांगायची. दर वेळी ते तितक्याच लक्षपूर्वक ऐकायचे. एक विज्ञानाची बाई म्हणून मला इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

गौरी मग आजोळीच राहायला आली. आमची शाळा गल्लीच्या तोंडाशी आणि सगळे वर्ग खाली. ती हुशार होती आणि तिखट होती. वर्गात एका मुलीनं विचारलं, तू अशी काहून चालते, तर म्हणाली, "मी नाही, जमीन हालते. तुले समजत नाही."

काका तिला रविवारच्या बाजारात न्यायचे. हात हातात धरून, सावकाश. एकदा भाजीच्या ओळीत दोन टवाळ पोरं हसली. "अबे पाह्य, पोट्टी टल्ली हाय!" गौरीनं मान खाली घातली. मी चार पावलं मागं होते, माझा पारा चढला, मी त्यांच्या अंगावर जाणार एवढ्यात काकांकडं लक्ष गेलं. काका डुलायला लागले होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नाही, तो माणूस भर बाजारात झोकांड्या खात चालला होता. टोपी वाकडी, पाऊल एक इकडं, एक तिकडं. पोरीच्या खांद्यावर भार टाकल्यासारखं केलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "सांभाळ व माय मले, पडीन ना!" लोकांनी पाहिलं. पिणाऱ्या म्हाताऱ्याला नात घरी नेते आहे असंच सगळ्यांना वाटलं. गौरी खुदखुदत होती. त्यानंतर दर बाजाराला ते तसेच चालायचे. मी रागावले तर म्हणाले, "मले कोनाले पोरगा दाखवाचा हाय आता? म्हनू द्या बेवडा."

पण त्यांना एक लग्न अजून निस्तरायचं होतं.

गौरीचं दुखणं उघड व्हायच्या आधीच काकांनी आणखी एक सोयरीक पक्की करून ठेवली होती. प्रमोदचा धाकटा भाऊ विशाल आणि काकांच्या धाकट्या भावाची, वसंताची, मुलगी पल्लवी. पुन्हा तेच. मामाची पोरगी, आत्याचं घर. सुपारी फुटलेली, दिवाळीनंतर साक्षगंध. विशालमध्ये ती बिघडलेली प्रत असू शकत होती, पल्लवीतही असू शकत होती. नसूही शकत होती. रक्त तपासलं तर कळलं असतं. दोघांत निघालीच, तर होणाऱ्या प्रत्येक मुलामागं चारात एक एवढा धोका. काकांना हे आता माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

आधी ते विशालला एकट्याला गाठून बोलले. तो आर्णीत मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा, हसरा पोरगा. म्हणाला, "मामा, चारात एक त मले कधी लॉटरीतही लागलं नाही. होईन सारं बरोबर." काका हात हलवत परत आले.

मग त्यांनी मला गळ घातली. "तुमी चाला. तुमी शिकवता, तुमचं आयकतील." आम्ही आर्णीला गेलो. गौरीही आईला भेटायला म्हणून बरोबर आली. सुमनआत्याच्या बैठकीत वसंता येऊन बसलेला होताच. प्रमोद भिंतीला टेकून खाली पाहत होता. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. सगळ्यांनी अदबीनं ऐकलं. मास्तरणीचं बोलणं मध्ये तोडायचं नसतं म्हणून ऐकलं.

"मोडा नाही म्हनत मी," काका म्हणाले. "दोघायचं रक्त तपासा फक्त. नाही निघालं त मीच नाचतो वरातीत."

"आन निघालं त?" सुमनआत्या म्हणाली. "भाऊ, निघालं त माह्या पोराले कोन पोरगी देईन? पल्लवीले कोन करीन? तूच सांग. साऱ्या दुनियेच्या सोयरीकी तूच पाह्यतं."

या प्रश्नाचं उत्तर साऱ्या तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. रक्तात काही निघालेल्या पोरीच्या घरी त्यांनी स्वतः कोणाला पाणी प्यायलाही नेलं नसतं.

"तुले आता काय झालं?" आत्याचा आवाज चढला. "पयले म्हने घरातलं बरं. आता म्हने घरातलं वाईट. माह्या पोटच्या पोरायत दोष काढून राह्यला तू?"

"एकट्या तुह्यात नाही सुमन. माह्यात हाय. आपल्या दोघायतही हाय. माह्या जोडनीत हाय."

तेव्हा वसंता बोलला. तो मोठ्या भावासमोर मान वर न करणारा माणूस. त्या दिवशीही त्यानं मान वर केली नाही. "भाऊ, वाईट नोको मानू. गौरीचं पाहून तुह्या मनावर झालं, आमाले समजते. पन तू पेऊन राह्यला आजकाल. बाजारात लोकायनं पाह्यलं तुले झोकांड्या खाताना. पेलेल्या मानसाच्या सांगन्यावरून मी माह्या पोरीची सुपारी वापस करू काय?"

मी एकदम म्हणाले, "अहो, ते पीत नाहीत! ते तर..."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांची नजर मग माझ्या मागं गेली. आतल्या दारात चौकट धरून गौरी उभी होती. पुढचं वाक्य मी तिच्यासमोर कसं उच्चारणार होते? तिला लोक हसू नयेत म्हणून हे डुलतात, असं?

"घेतो," काका म्हणाले. "घेतो कधी कधी."

झालं. आत्यानं डोळ्याला पदर लावला, आणि वसंतानं मोठ्या भावाच्या पाया पडून, भाऊ सोडून दे ना, असं विनवलं. वर्षा चहा घेऊन आली. काकांनी तो मुकाट्यानं प्यायला.

परतताना काळीपिवळीत गौरी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. उतरताना म्हणाली, "आबा, तुमी काहून हो म्हनलं? सांगाचं ना खरं. मले काय होते?"

"तुले काही होत नाही," काका म्हणाले. "मले होते."

लग्न झालं. मामा म्हणून काका नवरदेवामागं उभे राहिले, कारण तो मान त्यांचाच होता. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. जायचंच नाही, असं का नाही म्हणाले? पण बहिणीच्या मुलाच्या लग्नात मामा नाही, हे त्यांच्या जगात बसत नव्हतं. ते आम्हा सगळ्यांच्या जगात बसत नाही. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते हात जोडून उभे होते, आणि संपल्यावरही जोडलेलेच राहिले. कोणीतरी त्यांना बाजूला घेतलं.

त्यानंतर काकांना कोणी स्थळ विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायला येत, पण काका पहिल्याच बैठकीला रक्त तपासा म्हणत. आलेली माणसं चहा पिऊन निघून जात. सोयरीक जोडणारा मोडता घालायला लागला, दारूनं गेला, असं लोक बोलायचे. मला आणायचे ते मास्तरही बंद झाले. मला त्याची चुटपुट लागेल असं कधी वाटलं नव्हतं, पण लागली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आर्णीला, विशाल-पल्लवीच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला. तिथूनच मी महिनाभरासाठी बाहेरगावी गेले, आणि त्या दरम्यान ते झोपेतच गेले; परतले ती त्यांच्या तेरवीला. वाढदिवसाला अंगणात मांडव होता, फुगे होते. गौरी चाकाच्या खुर्चीत होती. बोलणं जड झालं होतं तिचं, तरी पोरांना दम देणं चालूच होतं. बाळ गुटगुटीत, हसरं, बापासारखं. कोणीतरी त्याला मांडवाच्या खांबाशी उभं केलं, आणि त्यानं खांब सोडला.

सगळे उकिडवे बसले. ये, ये, ये! बाळानं एक पाऊल टाकलं, डावीकडं डुललं, दुसरं टाकलं, उजवीकडं डुललं, पाय फाकवून क्षणभर उभं राहिलं आणि धप्पकन बसलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. गौरीही टाळ्या वाजवत होती. तिचे तळहात एकमेकांना चुकत होते. "आबा!" ती ओरडत होती. "आबा, पाहा ना! चालला!"

काका अंगणाच्या टोकाला, घराच्या भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"म्याडम," ते तसेच भिंतीकडं पाहत म्हणाले, "सारे लेकरं पयल्यानं असेच चालते ना?"

"हो काका. सगळीच."

"सारेच?"

"सगळीच."

त्यांनी मान हलवली. "मंग समजीन कवा?"

मी ते कितीतरी वेळा वाचलं होतं. "शाळेत जायला लागल्यावर," मी म्हणाले. "आठ-दहा वर्षांनी. कधी त्याहून उशिरा."

"तवरक मी नसन."

मागं पुन्हा टाळ्या झाल्या. बाळ परत उठलं असावं. काकांनी तोंड फिरवलं नाही.